फाटक्या पानांचं की पांढऱ्या फुलाचं

प्रिय मोनाली,

आधी झाड उतरलं वं, मंग तुही सासू. खरं सांगते. काल बुधवारी दुपारी मी खिडकीशी बसून सांबाराची जुडी निवडून राहिली होती, तर गेटसमोर ई-रिक्षा थांबली अन् तिच्यातून आधी बाहेर आलं एक हे मोठ्ठं झाड. सुपाएवढी पानं, तीही जागोजागी फाटलेली. मले वाटलं, कोण्या शाळेतलं नाटकाचं सामान असंल, पत्ता चुकलेलं. मंग त्या झाडामागून रिक्षावाल्याचं डोकं निघालं. मंग उतरले तुहे सासरे मधुकरराव, दुसरी एक कुंडी छातीशी धरून, जसं काही नामकरणाचं लेकरू. अन् सगळ्यात शेवटी आपली शोभाताई, छत्री उघडून. रिक्षापासून गेट दोन पावलं, तरी छत्री! आयुष मात्र नव्हता. नवरा आला नाही, झाडं आली.

तुले न्यायले आले होते हे मी तिथंच ओळखलं. दुसरं काय काम असंल त्या माणसांचं आपल्या इंदोऱ्याच्या मोहल्ल्यात? तू त्यांचं घर सोडून अमरावतीले नोकरीवर गेली तेव्हापासून त्यांनी एकदा फोन करून विचारलं नाही की पोरगी जेवली का मेली. अन् आता एकदम कुंड्या घेऊन दारात. घंटी वाजली. तुही आई गच्चीवर कुरड्या वाळत घालून राहिली होती. तुहा बाप आत दाढी करून राहिला होता. सुट्टी घेतली होती त्यानं, अन् सुट्टीच्या दिवशी दुपारी दाढी! मले तेव्हाच समजायले पाहिजे होतं, पण माह्या डोक्यात सांबार. म्हणजे गेट उघडणार कोण, तर मीच. आता नवतप्याचं ऊन चालू आहे, रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही, डांबर चपलेले चिकटून राहिलं. मी काय केलं, आधी उरलेला सांबार निवडला. काड्या वेगळ्या, पानं वेगळी. मंग चष्मा शोधला. तो माह्या नाकावरच होता, हे मले माहीत होतं, तरी शोधला. मंग चावी शोधली. घंटी पुन्हा वाजली, पुन्हा वाजली. शोभाताई गेटातून ओरडली, आजी, ऊन लागून राहिलं ना! मी आतूनच म्हटलं, हो वं बाई, गेटच्या बाहेर ऊन लागतेच.

तिले समजलं. चेहराच असा झाला तिचा, की मले त्या क्षणी मरण आलं असतं तरी चाललं असतं. तू दवाखान्यातल्या ड्युटीवरून थकून यायची अन् त्या घराचं गेट त्यांची जेवणं आटपेपर्यंत उघडायचं नाही. सुनेनं नोकरी केली तर तिले घराची किंमत कळत नाही म्हणे, म्हणून किंमत कळवून राहिले होते. तू पायरीवर बसायची, डबा मांडीवर घेऊन. तू मले हे किती उशिरा सांगितलं वं! अन् सांगितलं तेही हसत हसत, जसं काही दुसऱ्या कोणाची गोष्ट. आपली नात हसून सांगते तेव्हा आजीले ते जास्त लागते, हे तुम्हा शिकलेल्या पोरींना कोणी शिकवत नाही.

तर आले एकदाचे आत. ती पांढऱ्या फुलाची कुंडी मधुकररावांनी टेबलावर ठेवली तर झाडानं मान टाकलेली. सगळी पानं लोळागोळा, फुलं खाली. उन्हात रिक्षानं आलं ना ते. शोभाताईची ही धावपळ, अरे याले पाणी द्या, पाणी द्या, मरेल ना! मी माठातून गिलास भरून आणला अन् सावकाश त्या कुंडीत ओतला. दुसरा आणला, तोही ओतला. मधुकररावांचा हात पुढे आलेला, तो तसाच राहिला. मंग तिसरा आणला तो त्यांना दिला. तुही आई गच्चीवरून आली अन् तिनं हे पाहिलं. मले आतल्या खोलीत नेऊन म्हणते, आई, काहून असं करता, पाहुणे आहेत ते. मी म्हटलं, जे मरून राहिलं होतं त्याले आधी दिलं, यात काय चुकलं?

तुह्या आईनं, करुणानं पोहे केले. मी ठेचा वाढला, आपल्या भिवापूरच्या मिरचीचा, भाचीनं पाठवला तो. चांगला लिंबाएवढा गोळा ठेवला प्रत्येकाच्या ताटलीत. मधुकरराव भले माणूस, म्हणजे भले नाहीत, पण ताटात वाढलेलं टाकत नाहीत. खात गेले, खात गेले, डोळ्यांतून पाणी, टकलावर घाम, अन् म्हणतेत, आजी, चव आहे हो हाताले. मी म्हटलं, घ्या ना आणखी. शोभाताईनं ठेचा बाजूले सारला. ती पोहोचलेली बाई आहे.

मंग तिनं विषय काढला. पदर सावरून, एकदम गोड. म्हणते, दोन झाडं आणली तुमच्यासाठी. यातलं एक पसंत करा, तुमच्या हॉलमध्ये शोभेल. दुसरं आमच्याकडे राहील. म्हणजे मोनालीचं एक झाड माहेरी, एक सासरी. येता जाता दोन्हीकडे पाणी घालेल पोरगी. कुंड्याही कशा, पांढऱ्या चकचकीत, नव्या कोऱ्या, अन् दोन्हीवर लाल रिबीन. तुह्या बापाचा चेहरा उजळला. माह्या मात्र अंगावर काटा आला. तू शहरात वाढली, तुले हे माहीत नसंल. आमच्या तिकडे घर सोडून माहेरी आलेल्या पोरीले न्यायले सासरचे येतेत तेव्हा रिकाम्या हातानं येत नाहीत. लुगडं आणतेत. माहेरच्यानं ते ठेवून घेतलं की झालं, पोरगी पाठवतो म्हणून शब्द गेला. तोंडानं काही बोलायचं कामच नाही. माह्या मोठ्या बहिणीच्या वेळेस दोन लुगडी आणली होती, एक हिरवं, एक जांभळं, यातलं एक घ्या म्हणे. आमच्या घरात कोणतं घ्यायचं यावर पूर्ण दुपार गेली. हिरवं तिच्या रंगाले उठून दिसते, जांभळं टिकाऊ आहे. तिले जायचं का, हे कोणी विचारलं नाही. रंग ठरेपर्यंत तिचं जाणं ठरूनच गेलं होतं. ती गेली. पुढचं मी तुले कधी सांगितलं नाही, अन् आजही सांगत नाही.

अन् इथं माह्या डोळ्यांसमोर तेच चालू झालं ना वं! तुहा बाप म्हणते, हे मोठं ठेवू. मॉन्स्टेरा आहे हे, आमच्या साहेबाच्या केबिनमध्ये असंच आहे, टीव्हीच्या बाजूले ठेवलं तर घराले घरपण येईल. तुही आई म्हणते, ते पसरलं की सोफा बाहेर काढा लागेल, अन् त्याची पानं उद्या पंख्याले लागतीन. ही पीस लिली बरी, लहान आहे, फूल येते, अन् मी मोबाईलमध्ये पाहिलं, हवा साफ करते म्हणे. बाप म्हणते, हवा साफ करायले खिडकी आहे ना. आई म्हणते, तुम्ही कधी उघडता का खिडकी? झालं, जुंपली दोघांची. नवरा-बायको भांडून राहिले की हे का ते, अन् शोभाताई मधात बसून दोन्हीचे गुण सांगून राहिली, साडीच्या दुकानातल्या माणसासारखी. मॉन्स्टेराले थेट ऊन नको पण उजेड पाहिजे, पाणी आठवड्यातून एकदा, पानं ओल्या फडक्यानं पुसायची. लिली सावलीतही चालते. तहान लागली की अशी मान टाकते, पाणी दिलं की तासाभरात पुन्हा उभी. लय समजदार झाड आहे म्हणे, कितीही विसरा, कुरकुर करत नाही. मी म्हटलं, तुमच्या घराले तसंच लागते, नाही का? तिनं ऐकलं नाही असं दाखवलं.

मी ठरवलं, यांना ठरवूच द्यायचं नाही. तुह्या बापानं मोठ्यावर हात ठेवला की मी मोठ्यात खोट काढायची, तुह्या आईनं लहानावर ठेवला की लहानात. मी म्हटलं, हे फाटकं कायले आणलं, चांगलं नव्हतं का दुकानात? शोभाताई म्हणे, आजी, ते फाटकं नाही, त्याची पानं तशीच असतेत, त्याचीच तर किंमत आहे. मी म्हटलं, मंग एवढं किमतीचं तुम्ही सोडून काहून राहिले? मंग पाण्याची गोष्ट निघाली. ही पावसाच्या मुलखातली झाडं, यांना ओली हवा लागते. आता नागपुरात मे महिन्यात ओली हवा कुठं, तर कूलरसमोर. अन् कूलरसमोर काय आहे, तर माहा दिवाण! तुहा बाप लगेच म्हणते, आई, तू आतल्या खोलीत झोपली तर नाही का चालणार, उन्हाळ्यापुरतं? म्हणजे पाहा! झाड उंबऱ्याच्या आत येऊन तास नाही झाला अन् मी दिवाणावरून उठली. मी म्हटलं, झोपते ना गा, तू फक्त त्या झाडाले सांग, मले उठवलं की बीपीची गोळी आणून दे.

तेवढ्यात तुही आई मोबाईल पाहून म्हणते, अहो, यात लिहिलं आहे, दोन्ही झाडांची पानं तोंडात गेली तर तोंड जळते, सुजते, लेकरांपासून दूर ठेवा. मले तर हसूच आवरेना. मी म्हटलं, वा शोभाताई, दोन्ही विषारी, अन् म्हणता एक पसंत करा! मधुकरराव ठेच्यानं आधीच लाल झाले होते, ते खोकायले लागले. शोभाताई आता उखडली. म्हणते, आजी, आम्ही मोठ्या मनानं आलो. पोरगी एकटी परगावी राहते, लोक काय काय बोलतेत, तरी आम्ही न्यायले तयार आहो. लोक बोलतेत ते शंभर टक्के खरं आहे मोनाली, कारण बोलणारी हीच. जरीपटक्याच्या बाजारात हिनं माह्या भाचसुनेले सांगितलं की आमच्या सुनेचा पाय घरात ठरत नाही. मी म्हटलं, बाई, पाय घरात ठरायले आधी गेट उघडा लागते. तुहा बाप ओरडला, आई, चूप राहा ना जरा! तो माह्यावर कधी ओरडत नाही. मी चूप बसली. खोटं नाही सांगत, जराशी घाबरलीही. मले वाटलं, संपलं, आता हा एका कुंडीवर हात ठेवणार अन् शब्द जाणार.

तोंड बंद ठेवायचं तर हातांना काही काम पाहिजे, म्हणून मी पदरानं त्या मोठ्या झाडाची पानं पुसायले लागली. धूळ होती रस्त्याची. खोडापाशी आली तर पाहते, खोड एका काठीले बांधलं आहे. सुतळीनं नाही, तारेनं नाही. दवाखान्यातल्या त्या ताणायच्या पट्टीनं. एकावर एक, अर्धी अर्धी चढवत नेलेली, माशाच्या काट्यासारखी, अन् टोक आत खोचलेलं. मी हात तिथंच ठेवला. मागच्या पावसाळ्यात माहा पाय मुरगळला तेव्हा तू अशीच बांधली होती. मी म्हटलं होतं, गाठ मार ना वं, सुटेल, तर तू म्हणली, आजी, गाठ रुतते, खोचलं की सुटत नाही. आपल्या घराण्यात असं कोण बांधते? तू. अन् त्यांच्या घराण्यात? तूच. मले एकदम आठवलं, लग्नाच्या पहिल्या वर्षी तू फोनवर सांगितलं होतं की दवाखान्याजवळच्या नर्सरीतून दोन झाडं घेतली, स्कुटीवर पायात धरून आणली, सासूनं घरात घेऊ दिली नाहीत म्हणून बाहेर पायरीवर ठेवली. गेट उघडायची वाट पाहत त्यांचीच पानं पुसत बसायची तू. आजी, सोबत आहे मले, असं म्हणायची. मी तेव्हा समजली की मैत्रिणी असतील कोणी शेजारच्या.

शोभाताईनं कुंडी बदलवून घेतली, रिबीन बांधली, पण झाडाच्या अंगावरची तुही पट्टी सोडायचं तिच्या ध्यानात आलं नाही. आलं असतं कसं, तिनं कधी त्या झाडाले हात लावला असता तर ना!

मी सरळ झाली अन् तुह्या बापाले म्हटलं, धम्मा, हे ठेव. अन् तेही ठेव. शोभाताई म्हणे, दोन्ही? आजी, एकच पसंत करायचं आहे. मी म्हटलं, पसंत दुकानात करतेत. ही माह्या नातीची झाडं आहेत, तिच्या पगाराची, अन् ही पट्टी तिच्या हातची. तुम्ही काही आणलं नाही शोभाताई, तुम्ही वापस केलं. दुसऱ्याची वस्तू वापस करायले आलेल्या माणसाले आम्ही पोहे देतो, चहा देतो. पोरगी देत नाही. मोनाली, तू असायले पाहिजे होती वं! शोभाताई म्हणते, आमच्या घरचं पाणी पिऊन वाढली ती झाडं. मी म्हटलं, पोरगीही पीत होती तुमच्या घरचं पाणी, गेट उघडलं त्या दिवशी. तुही आई उठून आली, त्या पट्टीवरून बोट फिरवलं तिनं, अन् आत निघून गेली. पुन्हा तिच्या तोंडून लिली निघाली नाही की हवा निघाली नाही. आत भांडे घासायचा आवाज येत होता, पण भांडे तर मघाच घासून झाले होते.

शोभाताई मॉन्स्टेरा वापस न्यायले निघाली. मले माहीत होतं, तिले तेच ठेवून घ्यायचं होतं, हॉलमध्ये दाखवायले. उचललं तिनं, तर एक पान गेटच्या गजात अडकलं, दुसरं तिच्या छत्रीत गेलं, अन् रस्त्यावर एक रिक्षा नाही. त्या उन्हात छत्री धरावं की झाड धरावं, तिले समजेना. मधुकरराव म्हणे, ठेव गा बाप्पा ते, जीव जाईल. बायकोले गा म्हणून गेले घाईघाईत, गड्याले म्हणतेत तसं, एवढा ठेचा चढला होता. ठेवलं तिनं तिथंच. अन् हां, जाताना गेट उघडून द्यायले मी बिलकुल वेळ लावला नाही.

तर आता दोन्ही आपल्याकडे आहेत, मागच्या ओसरीत, उन्हापासून आड. लिलीनं संध्याकाळीच मान वर काढली. मले तिचा राग येते थोडा. एवढं वाळवलं, दोन गिलास दिले अन् सगळं विसरून उभी! पण तुह्या ड्युट्या पाहता तीच बरी पडेल, असं करुणा म्हणते. तुही नवी खोली मी डोळ्यांसमोर आणून राहिली. राजापेठेत, तुह्या एकटीच्या नावानं घेतलेली, एकच खिडकी अन् तीही शेजारच्या भिंतीकडे तोंड करून. भाडेकरूच्या कागदावर तू सही केली असं तू सांगितलं, त्या दिवसापासून मी मोहल्ल्यात ज्याले त्याले सांगून राहिली की माह्या नातीनं घर घेतलं. घेतलंच ना, मंग? त्या खिडकीत लिली मावेल. मॉन्स्टेरा आला तर तुले पलंग बाहेर ठेवा लागेल. पण मन माहं त्याच्यातच अडकलं. करुणानं वाचून दाखवलं की ते झाड लहान असते तोवर त्याची पानं अख्खी असतेत, मोठं झालं की फाटतेत, म्हणजे उजेड खालच्या पानालेही जाते. असंल बाप्पा. मले तर ते दिसायले दांडगट आहे म्हणून आवडलं. कोणाच्या हॉलमध्ये शोभायले आलं असं वाटत नाही. दोन्ही एकदम आणणं मले जमणार नाही, मांडी एकच आहे. तूच सांग कोणतं, झाडं तुही आहेत. उरलेलं मी पाहीन, अन् दिवाण सोडणार नाही.

आता जे सांगायसाठी बसली ते सांगते. मी हे फोनवर सांगितलं असतं, पण फोन तुह्या बापाजवळ असते अन् स्पीकर लावूनच देते तो मले. चौथीपर्यंत शिकली ते अशा वेळी कामाले येते. काल ते निघाले तेव्हा धम्मा त्यांच्यासोबत कोपऱ्यापर्यंत रिक्षा पाहायले जाणार होता. नेमकी लाईट गेली, कूलर बंद पडला, अन् गेटपाशी उभ्या माणसांचं बोलणं खिडकीतून सरळ आत आलं. तुहा बाप हात जोडून शोभाताईले म्हणे, आईचं मनावर घेऊ नका. तुम्ही पुन्हा या, आयुषरावांना घेऊन या, मी मोनालीले बोलावून घेतो. आई सिरियस आहे म्हणून फोन करतो. आजीचं नाव काढलं की ती धावत येते. मी खिडकीच्या आत उभी होती, माह्या चांगल्या दोन पायांवर. मोनाली, त्याचा राग मी करत नाही. करते, खोटं काहून बोलू. पण तो वाईट नाही, घाबरला आहे. लोक विचारतेत अन् त्याच्याजवळ उत्तर नाही. त्याचा फोन येईल तुले, आज उद्यात. तो रडेलही. रडला तर खरंच रडत असंल, पण माह्या तब्येतीसाठी नाही. मले काही झालं नाही वं. काल रात्री मी दोन भाकरी खाल्ल्या, ठेच्यासंग. तुले आयुषसंग बोलायचं असंल, जायचं असंल, तर तुह्या मनानं ये, डोळे उघडे ठेवून ये, मी तुह्या बाजूनं बसेन. पण माह्या मरणाच्या नावानं येऊ नको. ही चिठ्ठी लहानूच्या हाती देते. आपल्या गल्लीतला लहानू, अमरावतीच्या एसटीवर कंडक्टर आहे, उद्या शुक्रवारी तुह्या दवाखान्यात आणून देईल. कोणतं झाड ते त्याच्याजवळ सांगून ठेव. शनिवारी सकाळी मी त्याच्याच गाडीनं तुह्याकडे निघते, या वयात माहं तिकीट लागत नाही. करुणाले सांगितलं आहे. ती म्हणली, जा आई, गेट मी पाहीन. तुह्या सासरचे रविवारी येतो म्हणून गेले आहेत, आयुषले घेऊन.

तुहीच, एकदम ठणठणीत,
इंदूआजी